मान-खांदे मोकळे केले तरी दुसऱ्या दिवशी परत आखडतात, असं का होतं?

मिहानकर

मंडळी, नमस्कार. मी नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीत कामाला आहे, राहायला मानेवाड्याला. दिवसभर लॅपटॉप, येताजाता बाईक. मागच्या हिवाळ्यापासून मान आणि दोन्ही खांद्यांचा वरचा भाग कडक झाला आहे. बोटानं दाबलं तर आत गाठी लागतात, उजवीकडे जास्त. संध्याकाळ झाली की दुखणं डोक्याच्या मागून चढत कपाळापर्यंत येतं. हाताला मुंग्या नाहीत, बधिरपणा नाही. डॉक्टरांनी तपासलं, ‘स्नायूंचं आहे’ म्हणाले, थोड्या दिवसांच्या गोळ्या आणि चोळायला जेल दिलं. गोळ्या होत्या तोवर बरं होतं.

मालिश करणाऱ्या काकांकडे गेलो की त्या रात्री झोप झकास लागते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत परत तेच.

मान मोकळी कशी करायची याचे व्हिडिओ ढिगानं आहेत, ते नका पाठवू. मोकळी केलेली मान मोकळी राहत का नाही, ते कोणी सांगू शकेल का?

तर्री_पोहे

कूलर! दुसरं काही नाही भाऊ. खिडकीतल्या कूलरच्या थेट तोंडासमोर खाट टाकतात आपले लोकं, रात्रभर ओला गार वारा मानेवर, अन् सकाळी मान धरलेली. मे महिन्यात आमच्या घरी कोणाची ना कोणाची मान वाकडी असतेच.

खामल्याचा_बंड्या

हिवाळ्यापासून दुखून राहिलं म्हणते ना तो. हिवाळ्यात कूलर कोण लावते बे?

तर्री_पोहे

वाचलं ना मी. पण धागा काही एकट्या त्याच्यासाठी नाही, उन्हाळ्यात हाच धागा शोधत येतील लोकं. कूलरच्या झडपा वर करा, वारा छताकडे जाऊ द्या, अन् डोक्याऐवजी पाय कूलरकडे करा. एवढंच सांगणं होतं.

ओट्याजवळची

मिहानकर दादा, मला हाच त्रास आहे आणि मी लॅपटॉपला हातही लावत नाही. आमच्या घरचा ओटा माझ्या उंचीच्या मानानं खाली आहे. कणीक मळायला, पोळ्या लाटायला रोज वाकूनच उभं राहायचं. सासूबाईंची उंची माझ्यापेक्षा वीतभर कमी, त्यांच्या मापानं बांधलेला ओटा, त्यांना कधी काही झालं नाही. पोळपाटाखाली जाड पाट ठेवायला लागले तेव्हापासून फरक आहे. लोकांना वाटतं हे ऑफिसातल्यांचंच दुखणं आहे. शिवणारीला विचारा, भाजी निवडणारीला विचारा.

हाडवैद्य_नाही

मी फिजिओथेरपिस्ट आहे, धंतोलीत काम करते. प्रश्न फार आवडला. क्लिनिकमध्ये येणारे बहुतेक जण ‘एकदा मोकळं करून द्या मॅडम’ एवढंच म्हणतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही जिथे बोट ठेवता तिथे मुख्यतः दोन स्नायू आहेत. एक ट्रॅपेझियस. त्याचा वरचा भाग कवटीच्या मागून आणि मानेच्या मधल्या रेषेवरून निघतो आणि गळ्याच्या हाडाच्या बाहेरच्या टोकाकडे उतरतो. मालिशवाला चिमटीत धरतो तो हाच. त्याच्या खाली लेव्हेटर स्कॅप्युले. हा मानेच्या वरच्या चार मणक्यांच्या बाजूंपासून खांद्याच्या पात्याच्या आतल्या, वरच्या कोपऱ्यापर्यंत जातो. ‘इथे मॅडम, अगदी इथेच’ असं म्हणत पेशंट उलटा हात नेऊन दाखवतात तो कोपरा या स्नायूचा. कवटीच्या तळाशी आणखी काही छोटे स्नायू आहेत. ते आखडले की दुखणं डोक्याच्या मागून पुढे येतं, तुमचं कपाळापर्यंत येतं तसं.

डोकं साधारण साडेचार ते पाच किलोचं. ते मणक्यांच्या बरोबर वर असलं तर मागच्या स्नायूंना फार ओढावं लागत नाही. पाण्यानं भरलेली बादली अंगालगत धरणं आणि हात लांब करून धरणं यात जो फरक आहे, तोच फरक डोकं पुढे गेलं की पडतो. 2014 मध्ये केनेथ हन्सराज या अमेरिकन शल्यविशारदांनी याचं गणित मांडलं होतं: मान 15 अंश झुकली तर मणक्यावर सुमारे 12 किलोचा भार, 60 अंश झुकली तर सुमारे 27 किलोचा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं चित्र त्याचंच. पण तो संगणकावरच्या मॉडेलचा हिशेब आहे, माणसांच्या मानेत काटा लावून घेतलेलं माप नाही. मी पेशंटना तो आकडा सांगून घाबरवत नाही. मान वाकवणं वाईट नाही, मान वाकण्यासाठीच आहे. त्रास होतो तो तासन् तास एकाच जागी धरून ठेवल्यानं.

आता तुमचा मूळ प्रश्न. स्नायू ‘टाइट’ वाटतो म्हणजे तो आखूड झाला असं आपण धरून चालतो आणि मग ताणत बसतो. कितीतरी जणांची मान मी मोजून बघते, ती दोन्ही बाजूंना पूर्ण वळते, तरी त्यांना ती कडक वाटते. तो स्नायू आखूड नसतो, थकलेला असतो. दिवसभर थोड्या थोड्या जोरावर सलग काम करतो, मध्ये सुट्टी मिळत नाही, आणि त्या कामापुरती त्याची ताकद नसते. मालिश, शेक, स्ट्रेचिंग यांनी त्या जागेची संवेदना काही तास शांत होते. त्याची काम करायची ताकद तेवढीच राहते. दुसऱ्या दिवशी तेच काम, तेवढाच स्नायू, म्हणून दुपारपर्यंत परत तेच.

म्हणजे दोन गोष्टी बदलायला हव्यात: स्नायूवरचा सलग भार कमी करायचा आणि स्नायू तगडा करायचा. पहिली सगळे सांगतात, दुसरी कोणी करत नाही.

डेन्मार्कमध्ये यावर बरंच काम झालं आहे. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मान-खांदे वारंवार दुखणारे 198 लोक घेतले होते, बहुतेक ऑफिसात बसून काम करणारे. एका गटाला रबर बँडनं रोज 2 मिनिटं व्यायाम, दुसऱ्याला 12 मिनिटं, तिसऱ्याला फक्त आरोग्याची माहिती. दहा आठवड्यांनी व्यायामाच्या दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं होतं. दोन मिनिटंवाल्यांचंही! ‘वेळ नाही मॅडम’ म्हणणाऱ्याला मी हाच प्रयोग सांगते.

मिहानकर

ताई, खूप आभार. इतकं नीट कोणी सांगितलं नव्हतं. एक शंका. स्नायू आधीच थकलेला आहे म्हणता, मग त्यालाच आणखी वजन द्यायचं? आराम द्यायला नको का? आणि तो दोन मिनिटांचा व्यायाम नेमका कोणता?

हाडवैद्य_नाही

आराम आणि बसून राहणं या वेगळ्या गोष्टी आहेत. खुर्चीत मान पुढे काढून बसलेला माणूस त्या स्नायूला आराम देत नसतो. शिवाय बसल्या जागी स्नायू एकसारखा ताठ राहतो, व्यायामात तो आवळतो आणि सुटतो.

व्यायाम असा. रबर बँडचा मधला भाग पायाखाली दाबा, दोन्ही टोकं दोन हातात. कोपर किंचित वाकलेलं ठेवून हात बाजूनं, जरासे पुढच्या अंगाला, खांद्याच्या उंचीपर्यंत उचला आणि सावकाश खाली आणा. खांदे कानाकडे चढू द्यायचे नाहीत. दोन मिनिटं, किंवा हात थकेपर्यंत. बँड नसेल तर अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्यांनी सुरुवात करा, पुढे लिटरच्या घ्या. हे जमू लागलं की बँड दाराच्या मुठीला अडकवून मागे ओढायचा, कोपरं बरगड्यांलगत जातील आणि खांद्यांची पाती मागे एकमेकांकडे येतील असा. दाराची कडी लागली आहे ना ते आधी बघा!

करताना दहापैकी तीन-चारपर्यंत दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणं आधीच्या पातळीवर आलं पाहिजे. आलं नाही तर बँड हलका करा, व्यायाम बंद करू नका. फरक कळायला काही आठवडे लागतात. पहिल्याच आठवड्यात ‘काही झालं नाही’ म्हणून सोडणारे फार.

वैद्य_महालकर

ताईंचं म्हणणं रास्त. पण तेल आणि शेक यांना ‘काही तासांपुरतं’ म्हणून बाजूला सारू नये असं मला वाटतं. ज्याला दुखण्यामुळे झोप लागत नाही, त्याला उद्या व्यायाम कर म्हणून सांगून उपयोग नाही. आधी त्याला झोप लागू द्या. निर्गुडी तेल किंवा महानारायण तेल कोमट करून मानेला, खांद्यांना लावावं. वरून खाली, हलक्या हातानं, रग काढायची नाही. मग जाड मीठ तव्यावर गरम करून फडक्यात पुरचुंडी बांधावी आणि पंधरा-वीस मिनिटं शेकावं. मीठ बराच वेळ गरम राहतं, तेव्हा आधी आपल्या मनगटावर टेकवून पाहावी. मधुमेहाच्या रुग्णांना हात-पायांचं भान कमी असू शकतं, त्यांचा शेक दुसऱ्यानं द्यावा. लचक ताजी असेल, मार लागलेला असेल, सूज असेल तर चोळू नये.

हाडवैद्य_नाही

वैद्यबुवा, पूर्ण मान्य. मीही शेकानंतरच व्यायाम करायला सांगते, लोकांची भीती कमी होते.

बर्डीचा_भाऊ

हे सगळं ठीक आहे पण सलूनमध्ये दाढी झाल्यावर मान कडकन मोडून देतात, ते का नाही सांगून राहिले कोणी? एकदम मोकळं वाटते बाप्पा. दहा रुपये जास्तीचे द्या, काम खतम.

मेडिकलचा_जुना

नका करू, भाऊ. मी डॉक्टर आहे, शिकलो आपल्या मेडिकल कॉलेजमध्येच. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्या बाजूच्या छिद्रांतून वर जातात. मान झटक्यात पिळली तर त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते, तिथे गुठळी होते आणि पक्षाघाताचा झटका येतो. रोज होत नाही, पण होतं, आणि तरुणांनाही होतं. पार्लरमध्ये केस धुताना बेसिनवर मान फार वेळ मागे टाकून ठेवल्यानंतर झटका आलेल्या 5 बायकांची नोंद 1993 मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकात आली होती. कडकन आवाज येतो तो सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा तयार होतो त्याचा. त्या आवाजानं काहीही ‘जागेवर बसत’ नाही. दाढी करा, चंपी करून घ्या, आणि मान मोडायच्या आधी उठा.

आलोच आहे तर बाकीचंही लिहितो, कारण असे धागे वाचून लोक महिनोन्‌महिने घरीच शेकत बसतात.

दुखणं खांद्यावरून हातात उतरत असेल, बोटांना मुंग्या येत असतील तर मानेतली नस दबत असल्याची शक्यता असते. कोणती बोटं ते लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा: अंगठ्याकडची, मधलं, की करंगळीकडची. कोणत्या मणक्याची नस ते त्यावरून कळतं. शर्टाची बटणं लावता येईनाशी होणं, चप्पल पायातून सुटणं, चालताना झोक जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, यातलं काहीही असलं तर थांबू नका, मज्जारज्जूवर दाब असू शकतो. ताप आणि डोकेदुखीसोबत मान ताठ, हनुवटी छातीला टेकत नाही, तर रात्र असली तरी दवाखान्यात जा. पडल्यावर किंवा अपघातानंतर मान दुखत असेल तर कोणालाही हात लावू देऊ नका.

आणि चाळिशीच्या पुढच्यांनी एक लक्षात ठेवा. जिना चढला की डावा खांदा, मान, जबडा भरून येतो आणि थांबलं की कमी होतो, असं असेल तर ते ट्रॅपेझियस नाही. ईसीजी काढा. सोबत घाम आणि दम असेल तर मालिश करत बसू नका, थेट इमर्जन्सीला जा.

आपल्या विदर्भापुरतं आणखी एक. घरात सिकलसेल (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर खांद्याचं सततचं दुखणं अंगावर काढू नका. या आजारात रक्तपुरवठा तुटून हाडाचा गोळा खराब होऊ शकतो. खुब्याचं सगळ्यांना माहीत असतं, खांद्याचं राहून जातं.

खामल्याचा_बंड्या

सर, मले एमआरआय काढायला सांगितला होता. त्यात ‘डिस्क बल्ज’ आलं. तेव्हापासून मी वजन उचलत नाही, बाईक सोडली, गळ्यात पट्टा घालतो. फरक काही नाही.

मेडिकलचा_जुना

तुमचा एमआरआय मी बघितलेला नाही, त्यामुळे तुमच्याबद्दल काही बोलणार नाही. सगळ्यांसाठी सांगतो. जपानमध्ये मानेचा काहीच त्रास नसलेल्या 1,211 लोकांचे एमआरआय काढले होते, 2015 मध्ये ते प्रसिद्ध झालं. त्यातल्या 87.6 टक्के लोकांच्या डिस्क, म्हणजे मणक्यांमधल्या चकत्या, फुगलेल्या दिसल्या. विशीतल्यांमध्येही बहुतेकांच्या. म्हणजे रिपोर्टमधलं ते वाक्य आणि तुमचं दुखणं यांचा संबंध असेलच असं नाही. हाताची ताकद, संवेदना, प्रतिक्षिप्त क्रिया तपासल्याशिवाय नुसता रिपोर्ट वाचून घाबरू नये.

पट्टा कोणी, किती दिवसांसाठी सांगितला होता? साध्या मानदुखीत तो फार दिवस घातला की स्नायू आणखी ढिले पडतात. ज्यांनी दिला त्यांनाच विचारून काढायचं ठरवा.

खामल्याचा_बंड्या

कोणी नाही सांगितला. मेडिकल स्टोअरमधून मीच आणला.

हाडवैद्य_नाही

😀 बंड्या दादा, भेटा एकदा कोणत्याही फिजिओला.

सकाळी_अंबाझरी

मी निवृत्त आहे, अंबाझरी बागेत आमचा सकाळचा योगाचा गट आहे. स्ट्रेचिंगला इथे जरा कमी लेखलं जात आहे असं वाटलं. ताकद हवीच, पण सकाळी उठल्यावर जी मान लाकूड झालेली असते तिला आधी हलवावंच लागतं.

ताईंनी सांगितलेल्या त्या आतल्या कोपऱ्यासाठी: खुर्चीत ताठ बसा, उजवा हात खुर्चीच्या बुडाशी धरा म्हणजे खांदा वर येणार नाही. मान डावीकडे अर्धी वळवा आणि डाव्या काखेकडे बघा. डावा हात डोक्यामागे नुसता ठेवा, ओढू नका, हाताचं वजन पुरतं. वीस ते तीस सेकंद, श्वास चालू. मग दुसरी बाजू. दुसरं, दाराच्या चौकटीला कोपरापासून हात टेकवून एक पाय पुढे टाकणे, त्यानं छाती उघडते. भुजंगासन मला आवडतं, पण मान मागे फेकायची नाही, नजर समोर.

आमच्या गटात काही जण मान गोल गोल गरागरा फिरवतात. चक्कर येते आणि मग म्हणतात योगानं चक्कर आली. पुढे, बाजूला, वळून, असं एकेक करा.

श्वासाचंही बघा. घाईत, काळजीत माणूस छातीच्या वरच्या भागानं श्वास घेतो, आणि मानेच्या बाजूचे स्नायू तेव्हा बरगड्या वर ओढायला लागतात. दिवसभर तसाच श्वास चालला तर मान दुखणारच की. पोटानं श्वास घ्यायला शिका, फुकट आहे.

तर्री_पोहे

काका, मार्च एंडला बँकेत बसून पोटानं श्वास घेऊन दाखवा 😀

सकाळी_अंबाझरी

बँकेतूनच निवृत्त झालो रे बाबा.

उत्तरपत्रिका

मी शिक्षिका आहे. बारावीचे पेपर तपासायच्या दिवसांत मानेची वाट लागते. मला एक वेगळंच कारण सापडलं म्हणून लिहिते आहे. चाळिशीनंतर दुहेरी चष्मा लागला, जवळचं खालच्या काचेतून बघायचं. शाळेत कॉम्प्युटरवर मार्क भरताना खालच्या काचेतून स्क्रीन दिसावा म्हणून मी हनुवटी वर करून, डोकं मागे टाकून बसत होते. नेत्रतज्ज्ञांनी कॉम्प्युटरच्या अंतराचा साधा एकेरी चष्मा वेगळा करून दिला आणि स्क्रीन थोडा खाली घ्यायला सांगितलं. सगळे ‘स्क्रीन डोळ्यांच्या रेषेत आणा’ म्हणतात, दुहेरी चष्मेवाल्यांना ते उलट पडतं.

पेपर तपासायला आजोबांच्या दुकानातलं मुनीमजींचं उतरतं मेज माळ्यावरून काढलं. उतार असला की कागद डोळ्यांकडे येतो, मान कमी वाकते. जुन्या लोकांना हे बरोबर कळत होतं, आपण सपाट टेबलं आणली.

सराफा_ओळ

इतवारीत सोन्याचं काम आहे आमचं, पिढ्यान्‌पिढ्या. बारीक कामाला खाली बघितल्याशिवाय इलाज नाही. आमच्याकडे नवीन पोऱ्या आला की त्याला पहिलं शिकवतात ते काम उंच घ्यायला, छातीच्या जवळ, कोपरं टेकलेली. कोपर टेकलं की हाताचं वजन खांद्यावरून उतरते. जे कारागीर कोपर अधांतरी ठेवून काम करतात ते पन्नाशीच्या आत बसतात. दुसरं म्हणजे उजेड. उजेड कमी असला की माणूस आपोआप नाक कामाजवळ नेते. दिवा बदला, मान आपोआप वर येईल.

मिहानकर

सराफा दादा, कोपराचं वाचलं आणि लगेच बघितलं. माझ्या ऑफिसच्या खुर्चीचे हात टेबलाखाली जात नाहीत म्हणून मी खुर्ची मागे ठेवतो, आणि दोन्ही हात हवेतच. उजवा माऊसवर लांब गेलेला. उजवीकडे जास्त का दुखतं ते कळलं.

लॅपटॉप आता पुस्तकांच्या चळतीवर आहे, कीबोर्ड-माऊस वेगळे घेतले. बाईकबद्दल कोणी सांगा. वर्धा रोडला रोज जाणं-येणं आहे, पाठीला लॅपटॉपची बॅग, डोक्याला हेल्मेट.

ऑटो_अजनी

बाईकवाल्यांचं मी रोज बघतो. थंडीत अन् ट्रॅफिकमध्ये सगळ्यांचे खांदे कानाला लागलेले असतात. सिग्नल लागला की हँडल सोडा, खांदे खाली टाका, दोनदा मागे फिरवा. हँडल घट्ट आवळून नका धरू, काँक्रीटच्या रोडचे सांधे अन् स्पीडब्रेकर हातातून थेट मानेत जातात. आरसे असे लावा की नुसत्या नजरेनं दिसेल, मान काढून बघावं लागू नये. अन् बॅगचे दोन्ही पट्टे खांद्यावर घ्या. एका खांद्यावर लटकवून चालवणारे लय आहेत.

मी तर म्हणतो मेट्रोनं जा. खापरीपर्यंत जाते ना.

मिहानकर

मेट्रोत मग सगळा वेळ मोबाईलमध्ये मान घालून बसतो, दादा.

हाडवैद्य_नाही

मोबाईल वर आणा, छातीपर्यंत. ज्या हातानं धरला आहे त्याचं कोपर दुसऱ्या हातावर टेकवा. सराफा दादांनी सांगितलं तेच.

आणि ऑफिसात अर्ध्या-पाऊण तासानं उठा. घड्याळ लावून उठायचं लोकांना जमत नाही, म्हणून मी पाण्याचा छोटा ग्लास ठेवायला सांगते, बाटली नाही. ग्लास संपला की उठावंच लागतं. फोन आला की उभं राहून बोला. ‘ताठ बसा’ हा सल्ला मी देत नाही. ताठ बसूनही चार तास हललं नाही तर तितकंच दुखतं.

ओट्याजवळची

ताई, माझ्या जाऊबाईंचा खांदा आखडला आहे. हात मागे नेऊन वेणी घालता येत नाही, ब्लाऊजची हुकं लावता येत नाहीत, त्या कुशीवर झोपता येत नाही. त्यांनी पण बँडचा व्यायाम करायचा का?

हाडवैद्य_नाही

नाही, थांबा. तो प्रकार वेगळा वाटतो. दुसऱ्या कोणी हात धरून वळवला तरी वळत नसेल, विशेषतः कोपर अंगालगत ठेवून हात बाहेरच्या बाजूला जात नसेल, तर फ्रोझन शोल्डर असू शकतो. त्यात सांध्याभोवतीचं आवरणच आक्रसतं. मधुमेह असणाऱ्यांना हा जास्त होतो. साखर तपासली आहे का? नसेल तर आधी ती तपासा आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. सुरुवातीच्या दुखऱ्या दिवसांत जोर लावून हात ओढला तर त्रास वाढतो. शेजारच्या कोणी ‘दोरीला लटका’ म्हटलं तर लटकू देऊ नका.

ओट्याजवळची

दोरी आणलेली आहे आधीच. थांबवते. साखर त्यांना आहे, गोळ्या चालू आहेत.

बर्डीचा_भाऊ

उशीचं कोणी बोललं नाही. पाच हजाराची फोमची उशी घ्यावी का?

वैद्य_महालकर

पैसे फुकट घालवू नका. कुशीवर झोपलात तर कान आणि खांदा यांच्यातली जागा भरेल एवढी जाड, पाठीवर झोपलात तर त्याहून पातळ. पिंजाऱ्याकडून कापूस कमी-जास्त करून घ्या. पालथं झोपणं तेवढं सोडा, रात्रभर मान एका बाजूला वळलेली राहते.

मेडिकलचा_जुना

स्नायू सैल करायच्या गोळ्यांबद्दल एक. मिहानकरांना थोड्याच दिवसांच्या दिल्या होत्या, ते बरोबर आहे. काही जण तीच चिठ्ठी दाखवून पुन्हा पुन्हा घेतात. यातल्या अनेक गोळ्यांनी झोप येते, घेऊन बाईक चालवू नका. सोबतच्या वेदनाशामकांनी पोटात जखम होऊ शकते, किडनीवर ताण येतो, रक्तदाब वाढतो. आपल्या उन्हाळ्यात अंगातलं पाणी कमी झालेलं असताना तर जास्तच.

शिलाई_नंदनवन

सगळं वाचलं. मी घरी ब्लाऊज शिवते, लग्नसराईत रात्रीपर्यंत मशीन चालू असते. टेबल उंच करता येत नाही, मशीनचा पाय आहे. बँड कुठे मिळेल, आणि माझ्यासारखीनं कधी करायचा, कामाआधी की नंतर?

हाडवैद्य_नाही

ताई, बर्डीवर खेळाच्या सामानाच्या दुकानात मिळेल, ‘थेराबँड’ म्हणून मागा, सगळ्यात हलका घ्या. सकाळी कामाआधी करा. रात्री थकल्यावर केला तर नकोसा होतो आणि सुटतो. मशीन उंच होत नसेल तर खुर्ची थोडी खाली घ्या, म्हणजे काम डोळ्यांजवळ येईल, पण पाय पायट्यावर आरामात पोचले पाहिजेत. हातशिलाई, हुकं, काजपट्टी हे मशीनवर बसून करू नका. मांडीवर जाड उशी, तिच्यावर कापड, पाठ भिंतीला टेकवून करा. आणि एक ब्लाऊज मशीनवर, मग दुसऱ्याची कटाई उभ्यानं, असं आलटून पालटून ठेवता आलं तर बघा. सगळी कटाई सकाळी आणि सगळी शिलाई रात्री असं नको.

शिलाई_नंदनवन

कटाई मी खाली बसून करते, ताई. जमिनीवर पसरून.

हाडवैद्य_नाही

मग ती डायनिंग टेबलवर आणा, नसेल तर पलंगावर प्लाय टाकून. कंबरेच्या उंचीला कापड आलं पाहिजे.

ओट्याजवळची

शिलाई ताई, माझा ओटा वाया चालला आहे, घेऊन जा कटाईला 😀